सुतात बोलणारा कॉम्प्युटर

तात्या कॉम्प्युटरसमोर बूट काढत नसत. आज यात कोणाला काही वाटणार नाही, पण ऐंशीच्या दशकात ज्या ऑफिसात कॉम्प्युटर असे, तिथे तो काचेच्या थंडगार खोलीत असे आणि खोलीबाहेर चपलांची रांग. तात्या सिमेंटने पांढरे झालेले बूट घालून सरळ आत येत. कोणी टोकलं तर म्हणत, "मिक्सरसमोर काढतोस का चपला? हेही मशीनच आहे."

तात्या मुलुंडचे बांधकाम कंत्राटदार. मी नुकतीच इंजिनीअर होऊन त्यांच्याकडे लागले होते आणि हे मशीन चालवणं माझं काम होतं. त्यांनी ते ऑफिसात ठेवलंच नाही. थेट साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं, धुळीसाठी वर त्यांच्या बायकोचं, काकूंचं, जुनं लुगडं घातलं. काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला की व्होल्टेज पडे आणि माझं केलेलं सगळं पुसलं जाई. त्यावर तात्यांनी तोड काढली. मिक्सर सुरू करण्याआधी ते दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. शिट्टी ऐकली की मी हातातलं काम पटकन फ्लॉपीवर उतरवून घ्यायची. शिट्टीवर चालणारा कॉम्प्युटर मुंबईत दुसरा नसावा.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, धंद्यात भागीदार होते आणि मशीनच्या साफ विरोधात. घाटकोपरचे एक आर्किटेक्ट ते विकत घ्यायला तयार बसले होते. दादांनी बजावलं, "नव्या बिल्डिंगच्या पहिल्या स्लॅबला हे कामाला आलं तर ठेव. नाही तर दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावतो." मशीन गेलं असतं तर माझी नोकरीही गेली असती. पण खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा मशीनचीच जास्त काळजी होती. इतकं मजेचं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

स्लॅबच्या सळया किती लांबीच्या कापायच्या, कुठे वाकवायच्या, याचा तक्ता हाताने करायला दोन-तीन दिवस लागत. मशीन तो तासाभरात छापून देई. पहिला तक्ता मी मोठ्या ऐटीत बाबी मुकादमाच्या हातात दिला. सळयांचं काम त्याच्याकडे होतं. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"बाई, ह्या काय लिवलास? माजो टेप फुटाचो आसा. माका सुतात सांग."

सळईची जाडी साइटवर सुतात मोजत, इंचाचे आठ सूत. मी म्हटलं, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, आता मुकादमांनी शिकायला हवं. तात्या हसले. "तो शिकेपर्यंत टेम्पो येईल. मुकादम आहे तसा राहू दे, मशीनला सूत शिकव. आणि इंग्रजी शब्द काढून टाक. सळई कशी वाकते ते चित्रच दाखव."

"हा प्रिंटर चित्र काढत नाही, तात्या."

"आडव्या रेघा काढतो ना? तिरप्या काढतो ना? मग सळईला आणखी काय लागतं?"

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. रेघा जोडून सळयांचे आकार केले, खाली फूट, इंच आणि सूत. बाबीने नवा कागद पाहिला, तो खिळ्याला अडकवला आणि सळई कापायला घेतली. त्या दिवशी मी दोन वडापाव जास्त खाल्ले.

स्लॅब दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ठरला. आदल्या सकाळी निरोप आला की जिन्याची जागा सरकली, त्या बाजूच्या सगळ्या सळया बदलायच्या. माणसं, मिक्सर सगळं उद्याचं ठरलेलं. मी फ्लॉपी घालायला गेले तर ती आतच जाईना. खंडेनवमीला बाबीने पहारी-घमेल्यांबरोबर मशीनचीही पूजा केली होती. हळदकुंकू वर, आणि अक्षता थेट फ्लॉपीच्या फटीत.

बाबीचा चेहरा उतरला. "देवाक घातलंय, मशीनच्या पोटात गेलां."

"वाट लागली," मी म्हटलं.

तात्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला, ड्राइव्ह खोलला आणि उलटा करून टेबलावर आपटला. तांदूळ खळखळून पडले. "नैवेद्य खाल्ला नाही, बाबी. बहुतेक उपास आहे." ड्राइव्ह परत बसवला. दिवा लागला, फ्लॉपी गुरगुरली. प्रिंटर खडखडायला लागला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्यावर वाकून उभे होतो. बाबी एकेक पान फाडून नेत होता, बाहेर त्याची माणसं कापत होती. ऊन उतरायच्या आत सळया बांधून झाल्या.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे स्लॅब ओतून झाला. दादा आले, शेडच्या दारात उभे राहून खिळ्याला लटकलेले कागद बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत आले.

तात्या म्हणाले, "घाल रे दादा. कामाची जागा आहे."

"टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग," दादा म्हणाले, आणि परत चपला घातल्या.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं स्वतःचं ऑफिस आहे, बिल्डरांना कॉम्प्युटरवर कामं करून देते. नवीन मुलं पडद्यावर काही झकास दाखवतात, तेव्हा मी एवढंच विचारते, "मुकादमाला वाचता येईल का?" त्यांना वाटतं, बाई चेष्टा करतात. परवा त्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांचा स्टँड आणून ठेवला. मुलं रोज नेमाने चपला काढतात. मी घालून आत जाते.