काचेच्या शेगडीवरचं ओलं फडकं

मी रोह्याजवळच्या वरसे गावात ताईच्या सासरी पोचले, चपला काढल्या, तर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. हाताला धरून सरळ ओट्यापाशी नेलं आणि म्हणाली, "इथं नख फिरव गो. अडकतंय काय बघ."

ओट्यावर तिची गॅसची शेगडी होती. काचेची. काळीभोर, आरशासारखी, तोंड दिसेल अशी. मोठ्या बर्नरच्या कडेला केसाएवढी एक रेघ. तो वरवरचा ओरखडा आहे की आत गेलेला तडा, एवढंच ताईला माझ्याकडून हवं होतं. मी नख फिरवलं. उजेडात वाकून बघितलं. मला कळलं नाही, आणि मी तसं सांगितलं. तिचा चेहरा असा झाला, जसं मी डॉक्टर होते आणि हात वर केले.

ही शेगडी घरात कशी आली ते सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय एका रेघेला माणूस एवढं का घाबरतं ते कळणार नाही.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. बाबा मिठागरात कामाला. मी पेणमध्ये बायकांच्या एका मंडळात होते, हुंड्याविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि एसटी स्टँडवर उभी राहून वाटायचे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी बैठकीतच सांगून टाकलं, हुंडा मिळणार नाही. मुलाकडचे किती गोड हसले! "हुंडा? छे छे. आम्ही काय तसली माणसं नाय." मग साखरपुड्याला मुलाच्या आईनं हळूच विषय काढला. रुखवतात आता सगळीकडे काचेची शेगडी मांडतात. मांडवाला शोभा येते. "आम्हाला काय करायचीय? तुमच्याच पोरीला वापरायचीय."

तुमच्याच पोरीला! या दोन शब्दांखाली किती घरं रिकामी झाली असतील. मी भांडायला उठले तर आयनं माझा पदर खाली ओढला. बाबा दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन पेणच्या बाजारात गेले.

दुकानदारानं ताईला नीट समजावलं होतं. गरम काचेला पाणी लावायचं नाही. आधी थंड होऊ द्यायची. मग कोरडं फडकं, मग साबणाच्या पाण्यातलं घट्ट पिळलेलं मऊ फडकं, मग परत कोरडं. दूध उतू गेलं, करपून बसलं, तर ओलं फडकं त्यावर नुसतं ठेवून द्यायचं, भिजलं की आपोआप सुटतं. तारेची घासणी नको, राख नको, रांगोळी नको. ताई परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती. सासूबाई दुकानात नव्हत्या.

सासरी शेगडी ओट्यावर अशी ठेवली की दारातून दिसेल. आळीतल्या बायका बघायला आल्या. त्या सगळ्यांसमोर सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "सांभाळ हो सूनबाई. काच फुटली तर नवीन आनायला माहेरी जायचं, आनि आनलीस तरच परत यायचं." बायका हसल्या. ताई हसली नाही. ती हे वाक्य विसरली नाही, आणि सासूबाईही अधूनमधून तिला विसरू देत नव्हत्या.

आता अडचण अशी की त्या घराची एक रीत होती. स्वयंपाक झाला की आधी चूल निववायची. पाण्याचा हबका मारायचा, ओलं फडकं फिरवायचं, मगच घरच्या पुरुषाचं पान वाढायचं. तापलेल्या चुलीसमोर पान वाढलं तर घरात तंटा होतो म्हणे. मातीची चूल गेली, स्टोव्ह गेला, गॅस आला. हबका गेला नाही. आणि हे काम सासूबाई स्वतः करायच्या, सुनेवर सोडायच्या नाहीत.

मग ताईनं काय करावं? तिनं सगळा दिवस त्या काचेभोवती बांधून घेतला. भावोजी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला. ते यायच्या खूप आधी ती स्वयंपाक उरकायची, म्हणजे सासूबाई लोटी घेऊन येईपर्यंत काच कोमट होईल. शेवटी शेवटी उभी राहून पुठ्ठ्यानं वारा घालायची. मी गेले त्या दिवशीही घालत होती. शेगडीला वारा! घामानं तिची स्वतःची पाठ भिजलेली.

"सांग ना त्यांना सरळ, गरम काचेवर पाणी चालत नाय म्हणून."

"सांगितलं. म्हणाल्या, दुकानदार काय माझ्या घरची रीत शिकवनार काय?"

"मग मी सांगते."

"तू नको बोलू गो." ती पुठ्ठा थांबवून माझ्याकडे वळली. "तू बोलशील आनि पेणच्या गाडीत बसून कासू स्टेशनाच्या पुढं गेलीस की विसरशील. मला इथंच ऱ्हायचंय."

पत्रकात असल्या वाक्याला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी भावोजी पहिल्या पाळीहून कंपनीतल्या दोघांना जेवायला आणणार होते. वालाचं बिरडं सकाळीच झालं. पण तांदळाच्या भाकऱ्या गरमच हव्यात, असा निरोप होता. म्हणजे तवा शेवटच्या क्षणापर्यंत काचेवर. म्हणजे निवायला वेळ नाही. ताई भाकरी थापत होती आणि मी बघत होते, तिची नजर भाकरीवर नव्हतीच, त्या रेघेवर होती.

सासूबाई दारात येऊन मला म्हणाल्या, "काय गो पत्रकवाली, आज हाताला काम नाय? का शेगडीचा पन मोर्चा काढनार?"

"काढीन की," मी म्हणाले. ताईनं पायानं माझा पाय दाबला.

शेवटची भाकरी दुरडीत पडली. ताईनं बर्नर बंद केला, तवा उचलून खाली ठेवला आणि लगेच पुठ्ठा घेतला. पण तोवर बाहेर फाटक वाजलं, बोलण्याचा आवाज आला, आणि सासूबाई लोटी आणि फडकं घेऊन आत आल्या.

"आई, जरा थांबा. लय गरम हाय."

"गरम हाय म्हनूनच निववायची ना? मानसं दारात आली. सरक."

ताई सरकली नाही. तिनं हात आडवा धरला. तेवढं मी तिला कधी करताना बघितलं नव्हतं. सासूबाईंनी तिच्या हातावरूनच हबका मारला आणि फडकं टेकवलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. काचेचे मोठे तुकडे झालेच नाहीत, सगळीकडे नुसते दाणे. ओट्यावर, जमिनीवर, आमच्या पायांत. मिठागरातलं जाडं मीठ कुणी उधळावं तसे. बर्नर खाली पत्र्यात तिरके होऊन पडले होते.

सासूबाई फडकं हातात धरून तशाच उभ्या. ताई आधी त्यांच्याकडे गेली. "आई, लागलं काय? डोळ्यात नाय ना गेलं?" त्यांचा हात उघडून बघितला.

दुरडी झाकलेली होती. बिरड्याचा टोप उघडा. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वरचं वरचं काढून टाक आनि वाढ."

"नाय आई. कुनाच्या पोटात जाईल."

"मग त्याला काय सांगू मी?" आणि मग, माझ्याकडे न बघता, ताईला अजून हळू, "तू सांग ना. म्हन, माझ्या हातून फुटली. तुला नाय तो एवढा बोलनार. शेगडी शेगडी करून त्यानं सगळ्या कंपनीला सांगितलंय."

मला तोंड उघडायचं होतं. वर्षभर जिला धाक घातला, तिच्याच पदराआड लपायचं? आणि माहेरी पाठवायची वेळ आली तर कोण जाणार, तुम्ही? पण मला पहिल्यांदाच दिसलं की ही बाईही घाबरलेली आहे, आणि त्यामुळे माझा राग कमी न होता जास्तच झाला. असल्या घरात सगळ्याच बायका घाबरून राहणार असतील तर रीत तरी कोणासाठी पाळतात?

आवाज ऐकून भावोजी आत आले. पाहुणे ओटीवर थांबले. भावोजींनी ओट्याकडे बघितलं. "कोनी फोडली?"

सासूबाईंनी फडकं मुठीत आवळलं. मी ताईकडे बघत होते, आणि तिनं खाली बघितलं तेव्हा मला वाटलं, गेली. आता ही स्वतःवर घेणार.

"गरम काचेवर पानी पडलं," ताई म्हणाली.

"कोनी टाकलं?"

"रोजच पडतं. तुमच्या घरची रीत हाय ना, शेगडी निववायची. मी नको म्हनत होती." तिनं मान वर केली. "आनि मी नवीन आनायला माहेरी जानार नाय. बाबांना सांगनार पन नाय. बिरडं फेकायचंय, त्यात काच हाय. पावन्यांना भाकरी आनि लोनचं वाढते. बसा तुम्ही."

भावोजी आईकडे बघत राहिले. सासूबाईंनी फडकं ओट्यावर ठेवलं आणि खाली बसून दाणे गोळा करायला लागल्या. उघड्या हातानं. "झाडू घ्या आई," ताई म्हणाली, आणि स्वतःच झाडू आणला.

पाहुणे भाकरी-लोणचं खाऊन गेले. जाताना शेगडीबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पुढच्या सुट्टीला भावोजींनी रोह्यात जाऊन स्टीलची साधी शेगडी आणली. सासूबाई अजूनही निववतात. पण आता आधी बोट लावून बघतात आणि गरम असली तर लोटी घेऊन तिथंच उभ्या राहतात.

मी परवा गेले होते. ताईनं स्वयंपाक उरकला, कोरडं फडकं घेतलं, मग ओलं पिळून, मग परत कोरडं. स्टीलला एवढं लागत नाही, मी म्हणाले. "माहीत हाय," ती म्हणाली. मग मोठ्या बर्नरच्या कडेला, जिथं आता काहीच नाही, तिथं तिनं नख फिरवून बघितलं.