बेंचाखालचं पीठ

पोळ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी माझा मोठा भाऊ गोंडपिपरीच्या घरी, मागच्या पडवीत, स्वतःसाठी बनवत असलेल्या सुतारकामाच्या बेंचाजवळ कोसळला आणि गेला.

तो सुतार होता; मी राजुऱ्याला शाळेत शिकवतो. बेंचाच्या सागवानी फळीला त्याने लाकूड अडकवायच्या खुंट्या बसवण्यासाठी आरपार भोकं पाडली होती. ती साफ करायची राहिली. भोकाचा काठ कानशीने घासून मारला नाही तर खुंटी उपसताना लाकडाची कपची घेऊन येते, असं तो सांगायचा. मला मात्र हात लावू द्यायचा नाही. "मास्तर, तुझं बोट पानं उलटाले बरं," म्हणायचा.

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरतात. सकाळी त्यावर गाईचा खूर दिसतो की पाखराचा पाय, ते पाहतात; त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. आम्ही तो पडला होता तिथे, बेंचाखाली पसरलं. सकाळी पाऊल नव्हतं. दोन भोकांच्या बरोबर खाली, पिठावर, पिवळसर भुसा पडला होता. वहिनी बघत राहिली. "काम करून राह्यले ते," ती म्हणाली.

भुसा माझ्यामुळे पडला होता. उजाडताना, कोणी उठायच्या आधी, मी त्या दोन भोकांत बोट घालून पाहिलं होतं. का, ते सांगता येत नाही. आत लाकूड खरबरीत होतं. वहिनीला ते न सांगताच मी राजुऱ्याला परतलो.

वहिनीची मुलगी तिला आपल्या घरी न्यायला दोनदा आली. माणूस घरात काम करत असताना घर कसं सोडायचं, असं वहिनीने तिला विचारलं. दुपारी ती बेंचावर ताट वाढायची आणि ते पार थंड होईपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही. फोनवर मला सांगायची, आजही भुसा पडला. मी राजुऱ्यात होतो. तो भुसा कशाने पडायचा, मला माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती खंगली होती. मी बोटाचं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"बोट तुमचंच असन, भाऊजी. पण घालाले कोनं सांगतलं?"

तांदूळ निवडून झाल्यावर ती म्हणाली, "करून टाका पुरं. त्यायले अर्धं काम पाहावत नाई."

मी काठीला पॉलिशपेपर गुंडाळून एकेक भोक आतून घासलं. वरचे काठ गोल कानशीने घासले. खालच्या बाजूला, ड्रिल बाहेर पडताना लाकूड फाटलं होतं, म्हणून भाऊ जिथे पडला तिथेच उताणा झोपून काम करावं लागलं. भुसा डोळ्यांत जात होता. वहिनी झाडू घेऊन शेजारी उभी होती, पण तिने झाडलं नाही. शेवटी फडक्याने जवसाचं तेल आत फिरवलं.

दोन दिवस तिने सकाळ-संध्याकाळ बेंचाखाली वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मुलीला फोन केला.

आता ती मुलीकडे असते. घर बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. बेंच पडवीत आहे. त्याच्याखाली काही पडत नाही.