पाळण्याची चाल

आमच्या आईला गाणी येत नव्हती. एक पाळणा तेवढा येत होता. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत, तुळईच्या कडीला लुगड्याची झोळी बांधून तिने तो आधी मला म्हटला आणि मग माझ्या भावाला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी बाळाचं नाव येई. तिथे ती आवाज लांबवी, झोळी परत हाताशी येईपर्यंत.

भाऊ चौदा महिन्यांचा होऊन गोवराने गेला. मी आठ वर्षांची होते. झोळी सोडली, लुगडं धुऊन घडी करून ठेवलं आणि आई भाकऱ्या थापायला बसली. मला भूक लागली होती, मी जेवले. त्यानंतर दुपारची कामं आवरली की ती भिंतीला टेकून तोच पाळणा तोंड मिटून गुणगुणायची. नावाच्या जागी मात्र ओठ हलायचे. ते मी रोज पाहत असे.

बाबा दिवसा गिरणीत आणि संध्याकाळी कलापथकात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. दर सभेला नवं गाणं हवं आणि ते लोकांना चटकन उचलता यायला हवं. त्यामुळे ओळखीची चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे, ही कलापथकाची रीतच होती. भजनाची चाल, लग्नातली चाल, कुठलीही चालायची. एके दिवशी बाबांनी घरातली घेतली. फारसा विचार केला नसावा. किंवा केलाही असेल, मुलगा त्यांचाही होता. मी कधी विचारलं नाही.

तालीम आमच्याच खोलीत झाली. शब्द सगळे नवे होते. नावाच्या जागी त्यांनी ‘महाराष्ट्र’ घातलं होतं आणि तेही तसंच लांबवायचं होतं, डफावर थाप पडेपर्यंत. आईने सगळ्यांना चहा दिला. माणसं गेल्यावर कपबश्या विसळताना तिने विचारलं, “त्येचा नाव खय ठेवलात?”

भावाचं नाव कुठे गेलं, हे ती विचारत होती. बाबा म्हणाले की आता ते गाणं सगळ्यांचं झालं, यात वाईट काय आहे. आईने कपबश्या पालथ्या घातल्या. त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं.

गाणं मात्र भलतंच उचललं लोकांनी. नळावरच्या बायका म्हणायला लागल्या, शाळेतली पोरं म्हणायला लागली. माझा आवाज चढा, म्हणून बाबा मला टेबलावर उभी करून पहिल्या दोन ओळी म्हणायला लावत. परळ, दादर, गिरगाव, सगळीकडे मी ते म्हटलं. ‘महाराष्ट्र’ आलं की समोरची माणसं एका दमात साथ द्यायची आणि पायाखालचं टेबल थरथरायचं. मला ते आवडायचं, हे इथे लिहूनच टाकते. आई एकाही सभेला आली नाही. राज्य झालं त्या दिवशी चाळीने घसा बसेपर्यंत तेच गाणं म्हटलं आणि आईने घरोघर पेढे वाटले. सगळे म्हणाले, वहिनी आज खूश आहेत. मीही तसंच समजले.

पुढे बाबा गेले. आईही थकली, अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. छताकडे बघत ती म्हणाली, “तो पाळणो म्हण गो.”

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी जुने शब्द आठवून आठवून मनात जुळवले. भावाचं नाव तर पाठच होतं, ते मी दोनदा घोकलं. मग सुरुवात केली. पहिली ओळ नीट म्हटली. दुसरीही नीट चालली होती. तिच्या शेवटी मी आवाज लांबवला आणि तोंडातून ‘महाराष्ट्र’ आलं.

आईचे ओठ हलायला लागले होते, ते थांबले.

“रवांदे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी तिचे पाय चेपत राहिले.