व्याह्यांची तीन गावं

माझ्या व्याह्यांइतका निरुपद्रवी माणूस साऱ्या चंद्रपुरात शोधून सापडला नसता, आणि त्यांनी मला जेवढा त्रास दिला तेवढा माझ्या सख्ख्या सासूनेही दिला नाही. सासू निदान भांडायची. तिला उलट बोलता यायचं. हा माणूस मुलीचा बाप म्हणून माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहायचा, "बरं इहीणबाई" म्हणायचा, आणि मग स्वतःला करायचं तेच करायचा. असंच मान खाली घालून त्यांनी एक दिवस आमच्या पुढच्या खोलीत टपालघर उघडलं. खोली आमची, वीज आमची, फोन आमचा, आणि साहेब ते.

नोकरीत असताना ते रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रं वेगळी करायचे. चालत्या गाडीत उभं राहून एकेका गावाच्या खणात एकेक पत्र टाकायचं, एवढंच काम. पण या कामाचा त्यांना असा गर्व की इंजिन चालवणाऱ्यालाही नसेल. "एकतीस वर्षांत माह्या हातून एक पत्र चुकीच्या खणात पडलं नाई," हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं ते मोजायला दुसरा कारकून लागेल. सोयरीक ठरवायला आले तेव्हा पोरीला स्वयंपाक येतो, शिवण येतं, बी.ए. झाली, हे काहीच सांगितलं नाही. हेच सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, सून तरी चुकीच्या घरी पडणार नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर बागेला पाणी घालतात. हे नागपूरला कॉम्प्युटरच्या क्लासला गेले, नातवाच्या वयाच्या पोरांत पुढच्या बाकावर बसले, आणि येताना एक उघड्या पोटाचा कॉम्प्युटर रिक्षात घालून आमच्या दारात उतरवला. राहायला बल्लारपुरात होते, पण घरी फोन नव्हता आणि आमच्याकडे होता. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पत्रं आता तारेतून येतात, हे आम्ही ऐकून होतो. ती आमच्याच घरात येऊन पडतील असं वाटलं नव्हतं.

मी चौथी पास. मला त्यांनी जे समजावलं ते मी तसंच सांगते. पत्त्यात मधे एक वेटोळं असतं. वेटोळ्याच्या आधी माणूस, वेटोळ्याच्या नंतर गाव. त्या गावाला डोमेन म्हणायचं. व्याह्यांकडे अशी तीन गावं होती. एक मूलच्या राइस मिलचं, दुसरं एका निवृत्त हेडमास्तरांच्या वधू-वर सूचक मंडळाचं, आणि तिसरं धानोऱ्याकडच्या जंगलातल्या अकरा बायांचं, ज्या बांबूचे दिवे आणि टोपल्या विणायच्या. तिन्ही गावांची पत्रं नागपूरला एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये साचायची. आमचा डबा, म्हणजे तो कॉम्प्युटर, दिवसातून चार वेळा तिथे फोन लावायचा आणि गाठोडं ओढून आणायचा. व्याही त्याला "गाडी येऊन राह्यली" असं म्हणायचे. गाडी येत असताना घरात कोणी फोनला हात लावायचा नाही. एकदा मी भावाला फोन करायला उचलला, तर आत कोणीतरी मांजराची शेपटी दारात चिमटावी तसा आवाज. व्याही स्टुलावरून उठले, मान खाली घातली आणि म्हणाले, "इहीणबाई, गाडी रुळावरून उतरली."

सकाळी पहिल्या बसने यायचे. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, हातात जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. बाटलीचं कारण, पोरीच्या घरचं पाणी चालत नाही. आमच्याकडे जुनी माणसं हे पाळायची, पण नातवंड झालं की सूट मिळते. मी त्यांना तसं सांगितलं. "बरं इहीणबाई," म्हणाले. नातू रांगला, चालला, शाळेत जाऊन मास्तरांचा मार खाऊन आला, तरी बाटली बल्लारपुराहूनच. बाजेवर बसायचे नाहीत, भिंतीला टेकायचे नाहीत, स्टुलावर सरळ. चंद्रपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. त्यातही दुपारी दोननंतर बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलेलं असायचं आणि हा माणूस ते घोट घोट प्यायचा. समोर माझा माठ. दहा पावलांवर. मी मुद्दाम त्यांच्यासमोर पाणी प्यायचे, सावकाश. त्यांची नजर कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटरला मात्र उन्हाळा सोसवत नसे. म्हणून आमचा कूलर त्याच्याकडे तोंड करून. त्या वर्षी आम्ही सगळे घामोळ्यांनी भरलो आणि तो डबा वाळ्याच्या थंड हवेत लग्नातल्या जावयासारखा बसून होता. सूनबाई म्हणाली, "बाबा, थोडा इकडं वळवा न कूलर." तर म्हणाले, "तुमी बोलू शकता बेटा. तो मुका हाये."

कागदावर छापलेलं प्रत्येक पत्र ते, आतला मजकूर न वाचता, रबरी शिक्क्याने ठोकायचे. ठक शाईवर, ठक कागदावर. तारेतून आलेल्या पत्राला शिक्का कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "शिक्क्याबिगर पत्र म्हणजे नाव नसलेलं लेकरू." संत्र्याच्या पेट्यांचं लाकूड ठोकून खण केले होते. प्रत्येक गावाला एक. मग सायकलवर, नाहीतर एसटीच्या कंडक्टरच्या हाती ती पत्रं रवाना व्हायची. हेडमास्तरांच्या घरी कॉम्प्युटर होता, तरी यांना कागद नेऊन दिल्याशिवाय पत्र पोचलं असं वाटायचंच नाही. ईमेल एका सेकंदात जगभर जाते म्हणतात. आमच्याकडून मूलला जायला तिला दोन दिवस लागायचे.

सुरुवातीला एक गंमत झाली. राइस मिलच्या आणि मंडळाच्या गावात चौकशीला एकाच नावाचा माणूस ठेवलेला होता, 'इन्फो'. आमचा डबा माणूस बघायचा, गाव बघायचाच नाही. मग एका सकाळी हेडमास्तर तावातावाने आले, हातात शिक्का मारलेला कागद. "हे काय आलं जी? म्हणते जुना असला तरी चालेल, पन लांब पायजे, तुटका नको. वरून लिवते, आधी नमुना पाठवा! नमुना पाठवा म्हणजे काय?" तिकडे मिलवाल्याला भंडाऱ्याच्या एका मुलीची माहिती गेली होती. तो व्यवहारी माणूस. त्याने मुलीच्या बापाला कळवून टाकलं होतं की सध्या गोदाम भरलं आहे, पुढच्या हंगामात बघू.

मी हसले. व्याही हसले नाहीत. दोन दिवस जेवणाचा डबा तसाच परत नेला. "सावली गावचा रामभाऊ वेगळा अन् नागभीडचा रामभाऊ वेगळा, एवढं त्या डब्याले समजत नाई का?" मी विचारलं. "समजते इहीणबाई, पन त्याले सांगा लागते. मीच सांगतलं नोतं." पंधरा दिवस जाडी इंग्रजी पुस्तकं वाचून त्यांनी डब्याला सांगितलं. त्यानंतर नवरदेव आणि तांदूळ आपापल्या ठिकाणी जाऊ लागले.

मग प्रश्न आला की गाव बरोबर, पण त्या नावाचा माणूसच गावात नाही, अशा पत्रांचं काय. ती परत धाडता येतात. पण व्याह्यांना परत हा शब्द सहन होत नसे. नोकरीत लाल रेघा मारून परत निघालेली पत्रं त्यांनी इतकी पाहिली होती की आपल्या राज्यात एकही परत जाणार नाही असं त्यांनी ठरवलं. चौथा खण ठोकला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. "ज्याले कोनी नाई, ते पत्र तुमच्या पेटीत. घरातलं मोठं मानूस तुमीच."

असं जगातलं सगळं बेवारस माझ्याकडे येऊ लागलं. सगळं इंग्रजीत. सूनबाई वाचून दाखवायची. कोण्या परदेशी राजपुत्राला आपला खजिना माझ्याकडे ठेवायचा होता. एकदा वाचता वाचता ती लाल झाली आणि कागद घडी करू लागली. "काय हाये?" "काई नाई आई, औषधाची जाहिरात." "कशाचं औषध?" "ताकदीचं." "मंग ठेव, तुह्या सासऱ्याले दे. बाजाराची पिशवी उचलत नाई." सूनबाई स्वयंपाकघरात पळाली आणि व्याही भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. पुढे पुढे मी ऐकणं सोडलं. कागद मात्र चांगला असायचा, लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेला. पापडाच्या डब्यात खाली घालायला त्याच्यासारखा कागद नाही.

आता त्या अकरा बायांचं सांगते. त्यांच्यातली सोमारीबाई पंधरा दिवसांनी टोपल्या घेऊन बाजाराला यायची आणि आधी आमच्याकडे. दिल्लीला एक मोठं प्रदर्शन होतं. तिथे जागा मिळावी म्हणून व्याह्यांनी तिच्या वतीने अर्ज पाठवला होता. पावसाळाभर बायांनी दिवेच विणले होते. जागा मिळाली तर त्या कामाला पुढे वाट होती. नाही मिळाली तर सगळं घरात पडून भुंगा लागणार होता. चंद्रपूरच्या बाजारात बांबूचा दिवा कोण घेतो? इथे सूप खपतं. सोमारीबाई दारात उभी राहायची. "आलं का जी पत्र?" व्याही खण दाखवायचे. रिकामा. "येईन बाई. आपल्या इथून पत्र चुकत नाई." ती मान हलवून जायची. तीन वेळा अशी गेली.

चौथ्यांदा ती यायच्या आदल्या दिवशी व्याही बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये काहीतरी वाचत बसले. तो डबा आपली रोजनिशी ठेवतो, कोणतं पत्र कुठून कधी आलं आणि कुठे टाकलं, पण छापून झालं की पत्र मात्र पुसून टाकतो, ते मला नंतर कळलं. मग स्टूल माझ्याकडे वळवून हळूच म्हणाले, "इहीणबाई, मागच्या मंगळवारी तुमच्या पेटीत काई आलं होतं का?" मी मिरच्यांची देठं काढत होते. "तुमच्या कागदाची राखण मी काऊन करू?" मी म्हटलं. "बरं इहीणबाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमारीबाई आली. हेडमास्तरही आपली पत्रं घ्यायला येऊन बसले होते. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. व्याही उभे राहिले.

"आलं होतं बाई. माह्या हातून चुकीच्या खणात पडलं. मी कालपासून दिल्लीले दोनदा लिवलं, पुन्हा पाठवा म्हून. उत्तर नाई. चूक माही हाये."

हेडमास्तर म्हणाले, "अहो, तुमच्या हातून? एकतीस वर्षांत..."

"आज एक पडलं," व्याही म्हणाले.

सोमारीबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि टोपलीची सुटलेली काडी आत खोचू लागली. "बायांले काय सांगू जी?" एवढंच. आणि माझा व्याही, जो मुलीचा बाप म्हणून माझ्यापुढे मान खाली घालायचा, त्याने या वेळी खरोखरच मान खाली घातली. तेव्हा मला दोन्हीतला फरक दिसला.

मंगळवार. मंगळवारी मी उडदाचे पापड डब्यात भरले होते.

मी उठले, फळीवरून डबा काढला आणि सगळ्यांसमोर पापड परातीत ओतले. तळाशी कागद होता, तेलाने पारदर्शक झालेला, शिक्का ठळक. सूनबाईने उजेडाकडे धरून वाचला. पत्र त्या गावच्या 'मॅनेजर'ला होतं. त्या गावात सोमारीबाई होती, अजून दहा बाया होत्या, मॅनेजर कोणीच नव्हता. जागा मिळाली होती. उद्यापर्यंत होकार द्यायचा होता, नाहीतर ती दुसऱ्याला.

"इवाईबुवा, चूक माही होती," मी म्हटलं. "तुमाले ठाऊक होतं."

"पेटी मीच तुमच्या नावाची केली," ते म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. होकार लिहिला. गाडी लावली, आतलं मांजर ओरडलं, पत्र गेलं. आम्ही सगळे तिथेच. हेडमास्तरही गेले नाहीत. संध्याकाळच्या गाडीने दिल्लीचं उत्तर आलं, जागेच्या नंबरासकट. व्याह्यांनी ते छापलं, शिक्का मारला, खणात ठेवलं, आणि मग त्याच खणातून काढून सोमारीबाईला दिलं. मधली पायरी काही सोडली नाही. ती कागद पदराला बांधून म्हणाली, "हा मॅनेजर कोन जी? त्याले पन सांगा." पहिल्यांदा व्याह्यांना हसताना पाहिलं. दात फार थोडे होते.

सगळे गेल्यावर त्यांनी बाटली तोंडाला लावली. ती दुपारीच संपली होती. मी माठातून पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"इहीणबाई, पोरीच्या घरचं..."

"पोरीचं घर त्या उंबऱ्याच्या आत. ही खोली तुमचं ऑफिस हाये. ऑफिसातलं पानी तुमी एकतीस वर्षं प्यायले का नाई?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला, पत्त्यावर गाव अर्धं पुसलेलं असावं तसा. उंबरा बघितला, स्टूल बघितलं. मग पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. त्या दिवसापासून बाटली आली नाही. पण उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघरात, कधीच काही घेतलं नाही.

पुढे गल्लोगल्ली फुकटची ईमेल आली. आधी राइस मिल गेली, मग हेडमास्तर. सोमारीबाईचं गाव शेवटपर्यंत होतं, मग तिची पोरगी शिकली आणि तिने ते मोबाइलवर नेलं. व्याही तरी सकाळच्या बसने यायचे, गाडी लावायचे, परदेशी राजपुत्राच्या पत्रावर शिक्का मारून माझ्या खणात टाकायचे. एका हिवाळ्यात आले नाहीत. आपण गेल्यावरही कूलर डब्याकडेच असू द्या, एवढंच पोरीला सांगून गेले.

खण मी चुलीत घातले. लाकूड सुकलेलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्यावर पापड वाळतात. परवा सूनबाई जुनी भांडी मोडीत काढत होती. माठावरचा तो पेला उचलून म्हणाली, "आई, हा पन देऊ? पोचा पडला हाये."

"ठेव तो तिथंच," मी म्हटलं. "ऑफिसचा हाये. आपल्याले देता येत नाई."