समुद्राला झुकतं माप

हॉलमध्ये समुद्र बसवायचा असं मी जाहीर केलं, तेव्हा बायको कणीक मळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आन् सोफा कुठं ठेवाचा मंग?"

एवढीच तिची हरकत. मला जरा रागच आला. समुद्राला विरोध करायचा तर सरळ करावा, मध्ये सोफा कशाला आणायचा? पण वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरात हॉलला एकच लांब भिंत आहे आणि सोफा तिलाच टेकलेला होता, हेही खरं. शेवटी सोफा खिडकीखाली गेला. तिथे बसलं की पाठीला ऊन लागतं, हे ती आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अजून ऐकवते.

हे खूळ मला नागपुरात लागलं. दाढ दाखवायला डॉक्टरकडे गेलो होतो, आणि तिथे बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आत खडक, आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढीच माझी अक्कल. इथे तर ते मऊ मऊ बोटं हलवत होतं, जांभळं, हिरवं, गुलाबी. माझा नंबर आला तरी मी जागचा हलेना. दाढ तिथेच राहिली आणि टाकी डोक्यात घेऊन मी घरी आलो.

पुढचे कित्येक महिने दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायचो. आमचं किराणा दुकान आहे, वर्ध्याच्या बाजारात, वडिलांनी उभं केलेलं. हळद तोलता तोलता मी प्रवाळाचा अभ्यास केला. नळाचं पाणी चालत नाही, गाळून पार कोरं केलेलं लागतं. त्यात खास मीठ कालवून समुद्राएवढं खारं करायचं. मोठ्या टाकीच्या खाली दुसरी टाकी, तिच्यातून पाणी सतत फिरतं आणि साफ होतं. लाटांसाठी पंप, वर निळे दिवे, आमच्या मे महिन्यासाठी पाणी गार करायचं यंत्र, आणि वीज गेली तर या सगळ्यांसाठी इन्व्हर्टर. बायको म्हणाली, "मी आजवर इन्व्हर्टर मागतला तर तुमाले नाई सुचला." यावर मी आवाज चढवला.

भरलेली टाकी गव्हाच्या डझनभर पोत्यांएवढी जड होणार होती. म्हणून लोखंडी स्टँड करायला कूलरचे स्टँड करणारा आमच्या गल्लीतला वेल्डर बोलावला. मी मापं सांगितली. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, येच्यावर ट्रॅक्टर ठेवता का?"

टाकी आली, खडक रचले, वाळू पसरली, पाणी भरलं. आणि मग काहीच नाही. कारण अशा पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आधी नांदावे लागतात, मगच मासे सोडायचे. कित्येक आठवडे आमच्या हॉलमध्ये दिवे लावलेलं रिकामं पाणी होतं. शेजारी यायचे, वाकून बघायचे.

"मच्छ्या कुठं हायेत?"

"येतील."

"मंग लाइट काऊन लावून ठेवला?"

असं कोणी म्हटलं की माझा पारा चढायचा. बायको तेवढ्यात चहा आणायची, म्हणून आमचे शेजारसंबंध टिकले.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबांनी अख्खा जन्म त्या दुकानाच्या गादीवर काढला. गुडघे अगदीच ऐकेनासे झाले, तेव्हा त्यांनी गादी माझ्याकडे दिली आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे स्वतःच्या खोलीत बसले. चहा तिथे, जेवण तिथे, दार अर्धं लोटलेलं. विचारलं तर म्हणायचे, "मी बाहेर येऊन का करू?" आजारी नव्हते, चिडलेलेही नव्हते. दुकानाची सवय असलेला माणूस दुकानाशिवाय रिकामा झाला होता. मला त्याचं फार वाईट वाटायचं आणि ते बोलता येत नसल्यामुळे मी त्यांच्यावरच खेकसायचो.

टाकी मी माझ्या हौसेने आणली, त्यांच्यासाठी नव्हे. पण मिठाची पहिली गोणी हॉलमध्ये धप्पकन ठेवली आणि खोलीचं दार पूर्ण उघडलं. गोणीचा आवाज त्यांना बरोबर ओळखू आला होता.

"का आणलं?"

"मीठ."

"काऊन? दुकानातलं सरलं का?"

मी काही सांगायच्या आत ते काठी टेकत आले, गोणीचं तोंड उघडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि बेसिनकडे जाऊन थुंकले. "हे मीठ नाई. कोनं फसवलं तुले?"

मी समजावलं की हे खायचं नाही, यात समुद्रात असतात तेवढे सगळे क्षार आहेत, प्रवाळाला तेच लागतात. त्यांनी दाणे बोटांवर चोळले, नाकाशी नेले आणि निकाल दिला, "ओलं नाई हाय. माल बरा हाय. मीठ कालवाचं काम मी करीन. तुले जमत नाई."

तेव्हापासून दर रविवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, आमचा हा कार्यक्रम ठरला. मी टाकीच्या एका टोकाला पाठमोरा बसून नळीने थोडं जुनं पाणी काढायचो. दुसऱ्या टोकाला बाबा स्टुलावर, पुढ्यात बादल्या, शेजारी मिठाची गोणी. एका बादलीला एक पुडी, असं गोणीतलं मीठ मी आधीच दुकानातल्या काट्यावर तोलून आणायचो. बाबा पुडी रिकामी करून लाकडी दांड्याने ढवळत बसायचे. मीठ विरायला वेळ लागतो. एका रविवारी त्यांचं जेवण झालं नव्हतं, तर बायकोने ताट तिथेच आणून दिलं. सोमवारी ते स्वतःहून तिथे येऊन बसले. मग त्यांचं ताट खोलीत गेलंच नाही. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांशीसुद्धा गोड बोलत होतो.

मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. बाबांनी त्यांचं नाव ठेवलं संत्री. प्रवाळ आले, त्यांतला एक मोठा, मऊ, दिवे लागले की फुलणारा आणि विझले की मिटणारा. तो फुलकोबी. हिंगणीकडचे, केळझरकडचे बाबांचे जुने गिऱ्हाईक बाजाराला आले की दुकानातून पत्ता विचारून घरी येऊ लागले. बाबा टाकीपुढे खुर्ची टाकून बसत आणि सांगत, "हा दगड नाई, जनावर हाय. दिसते कोबी, पन जेवते." माणसं तोंडात बोटं घालत. बाबांचा आवाज पुन्हा दुकानातला झाला होता.

आणि मग एप्रिल लागला, कूलर सुरू झाले आणि फुलकोबी मिटला.

एक दिवस मिटला, दोन दिवस मिटला, मग उघडेचना. बाकीचे प्रवाळही आक्रसले. खारेपणा पाहायची एक छोटी दुर्बीण असते, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून डोळ्याला लावायची. लावली तर पाणी पाहिजे त्यापेक्षा बरंच खारं. मला वाटलं, हे कूलरचं काम. त्याच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून उडालेल्याच्या जागी मी रोज कोरं पाणी भरत होतो, काचेवर खूण करून. तरी पुढच्या आठवड्यात पाणी आणखी खारं.

मी सगळ्यांच्या नावाने खडे फोडले. नागपूरच्या मीठवाल्याला फोनवर झापलं. दुर्बीणच बिघडली म्हणून दुसरी मागवली, तिनेही तेच सांगितलं. शेवटी बायकोवर घसरलो, फरशी कशाने पुसतेस म्हणून. ती म्हणाली, "मी फडकं समुंदरात पिळून राह्यली का?"

बाबा मात्र खुर्ची टाकीजवळ ओढून फुलकोबीकडे पाहत बसायचे. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. एका दुपारी त्यांनी केळझरच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवलं. "आता दाखवासारखं काही नाई," म्हणाले. प्रवाळ मेले असते तर मी दुसरे आणले असते. पण ही टाकी गेली असती तर बाबा पुन्हा त्या खोलीत गेले असते, आणि या वेळी दार अर्धं नव्हे, पूर्ण लागलं असतं.

पुढच्या रविवारी मी अंगणात नळी धूत होतो. खिडकीतून सहज आत नजर गेली. बाबांनी पुडी बादलीत रिकामी केली, झटकली. मग त्यांचा उजवा हात शेजारच्या गोणीत गेला, मूठ भरून वर आला आणि बादलीवर उघडला. दुसरी बादली, दुसरी पुडी, पुन्हा एक मूठ. त्यांचं हाताकडे लक्षही नव्हतं, ते माशांकडे बघत होते.

मला सगळं एकदम कळलं. बाबांनी जन्मात कोणाला काट्यावर बरोबर मीठ दिलं नाही. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकायचं, आणि झुकल्यावर वरून एक मूठ. गरिबाचं मीठ आहे, त्यात काय मोजायचं, असं ते म्हणायचे. आणि पुड्या मी स्वतः तोललेल्या, म्हणून बादलीतलं पाणी तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तरातरा आत निघालो. स्वयंपाकघराच्या दारात बायकोने माझा दंड धरला आणि आत ओढलं. बाबांना ती मामाजी म्हणते. माझं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आता बोलान तर मामाजी उठून चालले जातीन. त्यायची मूठ राहू द्या ना. पुडी कमी करा."

इतकं सोपं होतं. पुढच्या रविवारपासून प्रत्येक पुडी मी एका मुठीने कमी आणली. वजन हाताला कळू नये म्हणून, तुमचा खांदा दुखतो असं सांगून ती मीच ओतायचो. मूठ त्यांची. पाणी हळूहळू जागेवर आलं. आणि एका सकाळी फुलकोबी असा काही फुलला की बाबांनी बायकोला लाटणं हातात असतानाच बोलावलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण एका रविवारी मला फोन आला आणि मी बाहेर गेलो. परत येतो तर बाबांच्या तळहातावर पुडी. ते ती खालीवर करून पाहत होते.

"हे कमी हाय."

"नाही हो."

"मले सांगतं? कमी हाय हे." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माप मारून राह्यला? माह्या गादीवर बसून? दुकानात बी लोकायले असंच देतं का?"

यापेक्षा मोठी शिवी आमच्या घरात नाही. माझा ताबा सुटला. "तुमची मूठ वजा करून आणतो मी! त्या मुठीनंच मरून राह्यले होते ते सगळे!"

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग टाकीकडे. पुडी स्टुलावर ठेवली, काठी घेतली आणि खोलीत गेले. दार लागलं. दोन्ही वेळचं ताट खोलीत गेलं. मी टाकीपुढे बसलो, तर संत्री बाबांच्या खुर्चीच्या बाजूलाच काचेला तोंड लावून फिरत होती. मला रडू आलं, ते मी कूलरच्या वाऱ्यावर ढकललं.

सकाळी हॉलमधून लोखंडाचा आवाज आला. जाऊन पाहतो तर बाबा स्टुलावर, आदल्या दिवशीच्या बादल्या पुढ्यात, आणि हातात त्यांचा जुना हाततराजू. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हापासून तो त्यांच्या पलंगाखाली होता. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात मीठ. ते चिमटीने दाणे काढत होते, घालत होते. काटा मधोमध सरळ उभा राहिला. बाबांच्या हातात सरळ उभा काटा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"येले झुकतं चालत नाई ना?" माझ्याकडे न पाहता ते म्हणाले.

"नाही बाबा."

"बरोबरच लागते?"

"बरोबरच."

त्यांनी पारडं बादलीत रिकामं केलं. आणि सवयीने हात गोणीकडे गेला. गोणीच्या तोंडाशी थांबला. हात तसाच अधांतरी राहिला, मग वळला आणि कोऱ्या पाण्याच्या बादलीत गेला. तळव्यात मावेल तेवढं पाणी घेऊन त्यांनी ते टाकीत सोडलं.

"हे चालते?"

"चालते," मी म्हणालो. "कूलर रोज बादलीभर उडवून राह्यला."

"मंग हे आपलं वरून." त्यांनी ओला हात धोतराला पुसला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "मामाजी, नाश्ता कुठं आणू?"

"इथंच आन," बाबा म्हणाले, आणि तराजू माझ्यापुढे धरला. "आन् तू, हा दुकानात घेऊन जाजो. तुह्या काट्याचा मले भरोसा नाई."