तिकडची सही

नोंदणी कार्यालयात त्यांना सगळे कलमराव म्हणत, कारण एखादं कलम सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्यच पुरं होत नसे. परदेशातून संगणकावर सही होऊन आलेले दस्त त्यांच्या टेबलावर येत. सहीमागचं प्रमाणपत्र आपल्या सरकारने मान्य केलेल्या देशाचं असेल तर दस्त पुढे, नसेल तर परत. माणूस खरा, सहीही खरी, तरी लोक हात हलवत माघारी जात. कलमरावांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

मुलीने परदेशात आपल्या मर्जीने लग्न केलं, तेव्हाही त्यांनी फोनवर हेच ऐकवलं. "तिकडच्या लग्नाला इकडे मान्यता नाही."

मुलीने बोलणं टाकलं. घरात तिचा विषय निघाला की बायकोचे डोळे भरत आणि कलमराव वर्तमानपत्रात तोंड खुपसत.

एके दिवशी टेबलावर मुलीचाच दस्त आला. वडिलांच्या राहत्या घरावरचा आपला हक्क ती सोडत होती. म्हणजे उरलासुरला संबंधही तोडत होती. घरच्या माणसाचा दस्त नियमाने शेजारच्या टेबलावर द्यायचा. कलमरावांनी दिला नाही. प्रमाणपत्र तिकडचं म्हणून त्यांनी तो स्वतःच परत धाडला.

"धन्य आहे तुमची! पोटच्या पोरीलाही सोडलं नाहीत," शेजारच्या बाई म्हणाल्या.

कलमरावांना हायसं वाटलं होतं, पण ते या कौतुकामुळे नव्हे.

पुढे दोन्ही सरकारांचा करार झाला आणि तिकडची प्रमाणपत्रं इकडे चालू लागली. मुलीने दस्त पुन्हा पाठवला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. नाकारायला आता काही कारणच उरलं नाही.

सहीबद्दल शंका असेल तर सही करणाऱ्याला फोन करून खात्री करावी, एवढी एकच वाट राहिली होती. शंका तसूभरही नव्हती. त्यांनी फोन लावला.

"नोंदणी कार्यालयातून बोलतोय. आपलं नाव?"

आवाज तिने ओळखला असणार. तरी नाव सांगितलं.

"वडिलांचं नाव?"



"बाबा, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिने सांगितलं, अगदी आडनावासकट. पोरीवाचून कलमरावांना करमत नव्हतं, आणि हे त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

"हा कागद मागे घेता येतो का?" तिने हळूच विचारलं.

"येतो," कलमराव म्हणाले. "पण त्यासाठी स्वतः यावं लागतं. नवऱ्याला घेऊन."

असा कुठलाही नियम नव्हता.