दोन्ही अंगांनी सारखी जाळी

शिवपुत्र विणकराची गोष्ट सांगायची, तर आधी त्याचा तोरा सांगावा लागतो. नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. सोलापुरात निम्मी पेठ माग सोडून गिरणीत गेली होती. हा मात्र खड्डामागात पाय सोडून बसलेला. कुणी लुगडं दाखवलं की आधी उलटी बाजू बघायचा. "उलट दिसतीय," एवढंच म्हणून ते असं परत द्यायचा, की नेसणारीचं मन त्यावरून उडावं. त्याचं स्वतःचं कापड दोन्ही अंगांनी सारखं. एका लग्नात त्याने व्याह्याच्या खांद्यावरचं उपरणं उलटून पाहिलं आणि सोयरीक मोडता मोडता राहिली, असं अंबुबाई सांगायची. अंबुबाई म्हणजे समोरच्या कारकुनाची आई. तिच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलंही पुष्कळ असे.

शिवपुत्राच्या बायकोचा, रुद्राणीचा, एक पाय नारूने आखडला होता. पेठ सगळी एकाच पायविहिरीचं पाणी प्यायची. उन्हाळा आला की कुणाच्या तरी घोट्याला फोड यायचा, त्यातून नारूचा जंत पांढऱ्या दोऱ्यासारखा डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय नासतो. रुद्राणीचा तुटला होता.

त्यात मुलाचं लग्न झालं. मंद्रूपची गुरम्मा सून म्हणून आली आणि घागर तिच्या डोक्यावर गेली. या पोरीचा पाय वाकडा होऊ द्यायचा नाही, हे शिवपुत्राने मनाशी धरलं.

त्याच सुमारास म्युनिसिपालटीचा डॉक्टर येऊन काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी दाखवून गेला. त्यात ठिपक्याएवढे किडे टुणटुण उडत होते. नारू त्यांच्या पोटात असतो, म्हणाला. पाणी गाळा, किडे वरच अडकवा. बायका घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधू लागल्या. शिवपुत्राला ते पटेना.

"कापड कुजतंय. ताणलं की भोक मोठं हुतंय. तारंचं भोक हाय तेवढंच ऱ्हातंय."

"मग विणा की तार," रुद्राणी म्हणाली. ती चेष्टेने म्हणाली. याने मनावर घेतलं.

गिरणीत खळ गाळायच्या जाळ्या त्याने पाहिलेल्या. दुधाच्या कपाटाची जाळी माशी अडवते, किडा नाही. म्हणजे तार केसासारखी हवी. ती दोन तारांवरून, दोन तारांखालून घातली तर कमी वळते, मोडत नाही, दाट बसते. पण त्या विणीत तिरकी रेघ उठते आणि मागच्या अंगाला ती दुसरीकडे झुकते. म्हणजे उलट-सुलट आलीच. छे. त्याने एकावर एक, एकाखाली एक अशी साधी वीण धरली. तार तुटायची, निखाऱ्यावर मऊ करून पुन्हा लावायचा. फणी लुगड्यासारखी ठोकायची हाताला सवय, म्हणून पहिला तुकडा इतका घट्ट झाला की पाणी वरच उभं राहिलं.

"ताट झालं बगा," रुद्राणी म्हणाली. "आता कालवण वाढा ह्येच्यात."

शेवटी हात हलका पडला, भोकं मापात आली. गोल तुकडा कापून त्याने पितळी कड्यात बसवला, तोही असा की दोन्ही अंगं सारखीच.

"मामा, कंची बाजू वर ठिवायची?" गुरम्माने सासऱ्याला विचारलं.

"कंचीबी ठेव. माज्या हातच्या कामाला उलट असतीय व्हय?"

पेठ बघायला लोटली. त्याने मग घरोघरी जाळ्या दिल्या. अंबुबाई तर येईल त्या पाहुण्याला आपली जाळी उलटून दाखवायची आणि सुलट ओळखा म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात गुरम्माच्या घोट्याला फोड आला.

विहिरीला कुणाची तरी दृष्ट लागली, असं अंबुबाईने ठरवून टाकलं. रुद्राणी उंबऱ्यात पाय पसरून सुनेचं पाणी गाळणं बघत बसली. गुरम्माने एक घागर गाळली, जाळी उचलली, झटकली, दुसरीवर ठेवली.

"थांब. आता वर हाय ती बाजू मगाशी खाली व्हती का?"

गुरम्मा घाबरून सासूकडे वळली. "ध्यानात न्हाय, अत्ती. मामा म्हनलं, दोनी सारख्याच."

"लुगड्याची चिंधी झोळीवानी आत लोंबायची," रुद्राणी नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "आतलं अंग, भाईरचं अंग आंधळ्यालाबी कळायचं. हितं पैल्या घागरीचा समदा किडा दुसरीत धुवून जातोय."

शिवपुत्राने जाळी हातात घेतली. उलटली. पुन्हा उलटली. उजेडात धरून कुठे एखादी गाठ, एखादं तारेचं टोक, काही खूण मिळते का ते पाहिलं. जन्मभर लोकांच्या कापडात उलट शोधणारा तो माणूस. स्वतःच्या तुकड्यात त्याला ती सापडली नाही.

मग तो जाळ्या परत मागत पेठेत हिंडला. एका घरी तिच्यातून रवा चाळत होते, एका घरी ती दह्यावर झाकण म्हणून. एरवी त्याने असल्या घरची पायरी पुन्हा चढली नसती. त्या दिवशी रवा बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

अंबुबाई मात्र जाळी सोडेना. "आम्ही नेमानं गाळतो हो, शिवपुत्रप्पा. एक दिवस खाडा नाही."

"त्येचीच तर भीती हाय, बाई," तो म्हणाला, आणि सगळं सांगून जाळी घेऊन आला.

गुरम्माचा नारू रुद्राणीने स्वतः काढला. काडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, नवऱ्याला तर जवळही येऊ दिलं नाही. न तुटता निघाला. पावसाळाभर पोरगी लंगडली, मग सरळ चालू लागली. पण नारू अंगात वर्षभर दबा धरून बसतो, हे पेठेत कुणाला सांगायला नको होतं. ते वर्ष शिवपुत्र माणसाच्या तोंडाकडे बघून बोलला नाही, घोट्याकडे बघून बोलला. बायका त्याला बघून लुगडं खाली ओढून घ्यायच्या, आणि तो गेल्यावर हसायच्या.

फाल्गुनात अंबुबाईच्या मुलाने कचेरीतून रजा घेतली. पायाला फडकं बांधून तो ओसरीवर बसलेला दिसायचा. काय झालं ते अंबुबाईने कुणालाच सांगितलं नाही. तिने न सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. शिवपुत्र रोज सकाळी माग सोडून तिकडे जायचा आणि त्याच्या शेजारी खाली मान घालून बसायचा. तीही त्याला ऊठ म्हणायची नाही.